नाममुद्रा, चाल आणि स्वामित्वहक्क : मुंबईच्या मराठी वर्गातील एक पाठ

साहित्यकृतीचा विचार मराठीच्या अभ्यासक्रमात संहिता, लेखक, वाचक आणि परंपरा अशा अनेक अंगांनी होतो. कृती कोणाच्या मालकीची, ती दुसऱ्याने किती घ्यावी, कशी घ्यावी आणि घेतल्यावर काय सांगावे, हा विचार मात्र जवळजवळ कोठेच होत नाही. पूर्वी ही उणीव फारशी जाणवत नसे, कारण विद्यार्थी हा मुख्यतः वाचक होता. आज तो कविता लिहितो, एकांकिका बसवतो, आजीची गाणी ध्वनिमुद्रित करतो आणि यांतले बरेचसे त्याच दिवशी भ्रमणध्वनीवरून शेकडो लोकांना पाठवतो. त्याच्याकडे रोज येणाऱ्या कवितांपैकी पुष्कळांखाली कवीचे नाव नसते. काहींखाली कुसुमाग्रजांचे किंवा पु. ल. देशपांडे यांचे नाव असते, पण त्यांच्या कोणत्याही संग्रहात त्या सापडत नाहीत. अशा विद्यार्थ्याला स्वामित्वहक्काची ओळख कोणत्या वाटेने करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रूढ वाट अशी की वर्षातून एकदा एखादे विधिज्ञ महाविद्यालयात येतात, कायद्याची कलमे सांगतात, दंडाची रक्कम सांगतात आणि जातात. याचा परिणाम दोन प्रकारचा दिसतो. काही विद्यार्थी घाबरतात आणि एक ओळ उद्धृत करायलाही कचरतात. बहुसंख्य विद्यार्थी हा आपला विषय नव्हे असे समजून तो सोडून देतात. दोन्ही परिणामांचे कारण एकच आहे. ही कल्पना त्यांना सर्वस्वी परकी, न्यायालयातून आलेली वाटते. वास्तविक कर्त्याचे नाव आणि घेतलेले ऋण यांविषयी मराठी परंपरेचे स्वतःचे संकेत आहेत. ते कायद्याहून जुने आहेत आणि विद्यार्थ्याच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पाठाचा आरंभ तेथून केला तर कलमे आपोआप समजू लागतात.

१. नाव आणि मालकी

पहिला संकेत नाममुद्रेचा. अभंगाच्या अखेरच्या चरणात संतकवी आपले नाव गुंफतो. 'तुका म्हणे' ही दोन पदे ऐकताच अभंग कोणाचा हे कळते. येथे विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : या नावाने तुकोबांनी कोणाला अडवले? उत्तर उघड आहे. अभंग कोणीही गावा, लिहून घ्यावा, कीर्तनात सांगावा. अडवणूक नाही, पण नाव आहे, आणि ते संहितेच्या आत असल्यामुळे गाणाऱ्याला ते गाळता येत नाही. लेखकत्व आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही या संपूर्ण विषयाची किल्ली येथेच हाती लागते.

नाममुद्रेचा गैरवापरही परंपरेला ठाऊक होता. दुसऱ्या कोणी रचलेल्या अभंगात तुकोबांची मुद्रा घालून तो गाथेत शिरवला गेला, त्यालाच आपण क्षेपक म्हणतो. मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ ते १८७३ या काळात संपादिलेली गाथा मुंबईतच इंदुप्रकाश छापखान्यात छापली गेली. वेगवेगळ्या हस्तलिखितांतील पाठ पडताळून कोणते अभंग घ्यावेत हे ठरवणे हा त्या संपादनातील मोठा भाग होता. भ्रमणध्वनीवर कुसुमाग्रजांच्या नावाने फिरणारी कविता हे आजचे क्षेपकच आहे. विद्यार्थ्याला हे सांगितले की तो हसतो, पण मुद्दा त्याला पटतो. आपली कविता दुसऱ्याच्या नावे जाणे हा जसा अन्याय आहे, तसाच दुसऱ्याची कविता आपल्या नावे येणे हाही त्या कवीवर अन्यायच आहे.

शाहिरी वाङ्मयात हा संकेत एक पाऊल पुढे जातो. पेशवाईतील लावण्यांत 'होनाजी बाळा' अशी जोडमुद्रा येते. होनाजी शिलारखाने हा रचणारा आणि बाळा कारंजकर हा गाणारा. गायकाचे नाव कवीच्या नावाशी जोडून संहितेतच नोंदवणारी ही मुद्रा वाङ्मयेतिहासाच्या तासाला केवळ एक गमतीदार तपशील म्हणून सांगितली जाते. तिचे महत्त्व त्याहून अधिक आहे. भारतीय कायद्यात प्रयोगकर्त्याला स्वतंत्र हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. त्यापूर्वी गायकाच्या गाण्याला कायद्याच्या लेखी वेगळे अस्तित्व नव्हते. १९७७ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निर्णयाला जोडलेल्या टिपणात या उणिवेवर नेमके बोट ठेवले होते. प्रयोगकर्ता म्हणून आपले नाव घेतले जाण्याचा हक्क तर २०१२ च्या दुरुस्तीने आला. तमासगिरांच्या फडाने जे मुद्रेत बसवले होते ते कायद्याच्या पुस्तकात यायला दोनशे वर्षे लागली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

२. 'चाल' या शब्दाचे वजन

दुसरा संकेत याहून दुर्लक्षित आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'पासून (१८८०) पुढच्या जवळजवळ प्रत्येक संगीत नाटकाच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द आणि पुढे ज्या जुन्या पदाची चाल घेतली त्याचे आरंभीचे शब्द आढळतात. गिरगावातील गणेशोत्सवाच्या मेळ्यांची पदे लहान पुस्तिकांतून छापली जात, त्यांतही हीच पद्धत दिसते. पुढे परळ-लालबागच्या कामगार कलापथकांनी लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर नवी गाणी बांधली. त्यामागे व्यावहारिक कारण होते. चाल आधीच येत असेल तर गिरणीच्या दारात जमलेला समुदाय दुसऱ्याच कडव्याला साथ धरू शकतो.

'चाल' ही नोंद गायकाच्या सोयीसाठी होती हे खरे, पण तिने आणखी एक काम केले. हे शब्द माझे आहेत, स्वर मी दुसरीकडून घेतला आहे, असे ती उघडपणे सांगते. संदर्भटीप द्यायला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याला ही नोंद दाखवावी. ऋणनिर्देश ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून आलेली औपचारिकता नसून आपल्या नाटककारांनी आणि मेळ्यांच्या पदकर्त्यांनी सहजपणे पाळलेली रीत आहे, हे त्याला तेथे डोळ्यांनी दिसते. या नोंदीची मर्यादाही त्याच वेळी दाखवावी. ती पदाचे नाव सांगते, पदकर्त्याचे सांगत नाही. ज्यांच्या चालींवर मराठी रंगभूमी उभी राहिली त्या लावणीकारांपैकी अनेकांची नावे त्या एका ओळीत राहून गेली.

कायद्याची भाषा येथे सहज आणता येते. १९५७ च्या कायद्यानुसार शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, अशी दोन्हींची स्वामित्वे वेगळी आहेत. परंपरेतून आलेली, कर्ता अज्ञात असलेली जुनी चाल कोणीही घ्यावी. हयात किंवा अलीकडे निवर्तलेल्या संगीतकाराच्या चालीवर आपले शब्द बसवून ते प्रसिद्ध करायचे तर त्याची किंवा त्याच्या वारसांची संमती लागते. विडंबनाचा प्रश्न विद्यार्थी येथे हमखास काढतात. आचार्य अत्रे यांची 'झेंडूची फुले' अभ्यासलेल्या वर्गाला तो सुचणे स्वाभाविकच आहे. भारतीय कायद्यात विडंबनाला नावानिशी सूट नाही, परंतु समीक्षेसाठी केलेल्या न्याय्य वापराला आहे. केरळमधील तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या साम्यवादी नाटकाला उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिले आणि त्यात मूळ नाटकातील भाग घेतले. हे घेणे मूळ कृतीच्या समीक्षेसाठी आहे असे मानून केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली प्रतिनाटकाच्या बाजूने कौल दिला. कामगार रंगभूमीच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण विशेष उपयोगी पडते.

३. एक गीत, तीन कर्ते

वर्गात या सर्व गोष्टी एकत्र आणायच्या तर 'गर्जा महाराष्ट्र माझा' या गीतासारखे साधन नाही. विद्यार्थ्यांना गीत कोणाचे असे विचारले तर बहुतेक जण शाहीर साबळे असे उत्तर देतात. परळशी आणि कामगार वस्तीशी जोडलेल्या या शाहिराचा आवाज गीताशी इतका एकरूप झाला आहे की उत्तर चुकीचे म्हणवत नाही. परंतु शब्द राजा बढे यांचे आहेत आणि संगीत श्रीनिवास खळे यांचे. बढे १९७७ साली निवर्तले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील स्वामित्वहक्क २०३७ अखेरपर्यंत राहील. खळे २०११ साली गेले, तेव्हा चालीचा हक्क २०७१ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क हा आणखी वेगळा. तो ध्वनिमुद्रण काढणाऱ्या निर्मात्याचा असतो आणि प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. जुन्या ध्वनिमुद्रणात गायकाला स्वतंत्र हक्क का नव्हता, हे होनाजी-बाळाच्या निमित्ताने वर आलेच आहे. एकाच गीताचे हे धागे फळ्यावर वेगळे करून दाखवले की हक्क हा एक नसून अनेकांचा जुडगा आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

राज्यशासनाने १९ फेब्रुवारी २०२३ पासून हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले आणि त्यासाठी त्यातील दोन चरण निवडले. येथे चर्चेला एक चांगला प्रश्न मिळतो. कृतीचा भाग निवडणे आणि कृतीची मोडतोड करणे यांत फरक कोठे पडतो? कायद्याच्या कलम ५७ ने लेखकाला दोन विशेष हक्क दिले आहेत. कृती आपली आहे असे सांगण्याचा हक्क हा पहिला. आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल असा तिचा विपर्यास झाल्यास त्याला हरकत घेण्याचा हक्क हा दुसरा. हे दोन्ही हक्क स्वामित्वहक्क विकल्यानंतरही लेखकाजवळ राहतात. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या कादंबरीवरून काढलेल्या हिंदी चित्रपटाबाबत याच कलमाचा आधार घेतला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली चित्रपटाचे हक्क दिले म्हणून लेखिकेचे हे हक्क संपत नाहीत, असे स्पष्ट केले. नाममुद्रा संहितेच्या आत असते तशी ही तरतूद विक्रीच्या व्यवहारातूनही नाव बाहेर पडू देत नाही. कलम ५७ हे मराठीच्या विद्यार्थ्याला सर्वप्रथम शिकवावे आणि दंडाची कलमे सर्वांत शेवटी, किंवा शिकवूच नयेत.

४. मुखपृष्ठामागचे पान

स्वामित्वहक्काचा इतिहास व्याख्यानातून कंटाळवाणा होतो, पुस्तकांतून होत नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या (स्थापना १८९८) जुन्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांना नेऊन केवळ मुखपृष्ठामागचे पान वाचायला लावावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक पुस्तकांवर १८६७ च्या पंचविसाव्या 'आक्टा'प्रमाणे पुस्तक नोंदले असून सर्व हक्क स्वाधीन ठेवले आहेत, अशा आशयाची सूचना दिसते. कधी हे हक्क ग्रंथकर्त्याने ठेवलेले असतात, कधी छापखान्याच्या मालकाने. या एका भेदावरून त्या पुस्तकामागचा आर्थिक व्यवहार डोळ्यांपुढे उभा राहतो.

कंपनी सरकारचा १८४७ चा कायदा लेखकाच्या हयातीनंतर सात वर्षे किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जी मुदत अधिक असेल ती देत होता. १८६७ च्या कायद्याखाली केलेली नोंद ही त्या जुन्या कायद्याच्या नोंदवहीतील नोंद मानली जाई, म्हणून तिचा एवढा ठळक उल्लेख. १९१४ च्या कायद्याने मुदत हयातीनंतर पन्नास वर्षांची केली. मात्र ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रकाशित झालेल्या कृतीच्या भाषांतराचा एकाधिकार दहा वर्षांपुरताच ठेवला. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांना मराठीत आणले त्या काळातील भाषांतरांचा पूर अभ्यासताना वाङ्मयीन अभिरुचीबरोबर या तरतुदीचाही विचार झाला पाहिजे. भाषांतरमीमांसेच्या ग्रंथांत तो क्वचितच दिसतो.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा, अंमल २१ जानेवारी १९५८ पासून. त्यातील पन्नास वर्षांची मुदत १९९२ साली साठ झाली. रवींद्रनाथांच्या मृत्यूला पन्नास वर्षे पूर्ण होऊन त्यांचे साहित्य मुक्त होण्याची वेळ आली होती, हे या वाढीमागचे निमित्त. एका बंगाली कवीसाठी केलेल्या या दुरुस्तीने पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांची मुदतही १९९५ वरून २००५ वर गेली. लेखकाच्या मृत्यूचे वर्ष घ्यावे, त्यात साठ मिळवावेत आणि त्या वर्षाचा ३१ डिसेंबर पाहावा, हे गणित विद्यार्थी आवडीने करतात. साने गुरुजी १९५०, म्हणून २०१० अखेर. मर्ढेकर १९५६, म्हणून २०१६ अखेर. अण्णा भाऊ साठे १९६९, म्हणून २०२९ अखेर. नारायण सुर्वे २०१०, म्हणून २०७० अखेर. 'श्यामची आई' आज अनेक प्रकाशकांकडून का निघते आणि 'माझे विद्यापीठ' तशी का निघत नाही, याचे उत्तर या वजाबाकी-बेरजेत आहे. मुदत संपल्यावर पुस्तक छापायला संमती लागत नाही. मुखपृष्ठावर साने गुरुजींचे नाव मात्र तसेच राहते. अभ्यासकाच्या लेखी नावाला मुदत नाही.

एक गैरसमज येथेच दूर करावा. आज हक्कासाठी नोंदणी आवश्यक नाही. कविता कागदावर उतरली त्या क्षणी हक्क निर्माण होतो. लिहिणारी मुलगी पंधरा वर्षांची असली तरी तो तिचाच असतो.

५. नेमलेले पुस्तक, मार्गदर्शिका आणि छायाप्रत

परीक्षेच्या बाजारपेठेचा प्रश्न मुंबईत नवा नाही. मॅकमिलन कंपनीने १९१८ साली प्लूटार्कच्या नॉर्थकृत इंग्रजी अनुवादातील सिकंदराच्या चरित्राची संक्षिप्त शालेय आवृत्ती टिपांसह काढली. मुंबईच्या के. अँड जे. कूपर या शैक्षणिक प्रकाशकांनी मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांसाठी आपले पुस्तक काढले आणि वाद मुंबई उच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२३ सालच्या निर्णयाने जुन्या, मुक्त ग्रंथातील उतारे केवळ निवडून आणि जोडून नवे स्वामित्व निर्माण होत नाही असे सांगितले. टिपांचे मात्र तसे नव्हते. त्यांत संपादकाचे ज्ञान, श्रम आणि निवडीचा विवेक असल्याने त्यांना संरक्षण मिळाले. मराठीच्या विद्यार्थ्याला याचा अर्थ असा सांगता येतो : तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, परंतु त्यावर कोणी लिहिलेले विवेचन त्याचे आहे. मार्गदर्शिकेतून उत्तर उतरवणारा विद्यार्थी नेमके हेच विवेचन उचलतो, आणि तेही बहुधा मार्गदर्शिकेच्या कर्त्याने दुसऱ्या समीक्षकाकडून नाव न घेता घेतलेले असते.

अध्यापनासाठी कायद्याने दिलेल्या सवलती उदार आहेत आणि त्या अध्यापकांनाच नीट ठाऊक नसतात. कलम ५२ नुसार शिकवण्याच्या ओघात अध्यापक आणि विद्यार्थी कृतीची प्रत काढू शकतात, आणि प्रश्नपत्रिकेत उतारा देता येतो. समीक्षा, परीक्षण किंवा स्वतःच्या अभ्यासासाठी न्याय्य वापर करता येतो. शैक्षणिक संग्रहात एका लेखकाचे त्रोटक उतारे घेण्याचीही मुभा आहे. परंतु संग्रहाचा मुख्य भाग स्वामित्वमुक्त असावा लागतो आणि एकाच प्रकाशकाला पाच वर्षांत त्या लेखकाचे दोनच उतारे घेता येतात. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध २०१२ साली काही आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थांनी दावा केला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही तपशील पुन्हा तपासायला सांगितले, पण 'शिकवण्याच्या ओघात' या शब्दांचा व्यापक अर्थ कायम ठेवला. २०१७ साली वादी प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

हा निर्णय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने न्याय्यच होता. तरी त्याचा मराठीतील वापर विवेकाने झाला पाहिजे. ऑक्सफर्डच्या महागड्या ग्रंथातील एक प्रकरण आणि गिरगावातल्या किंवा दादरच्या लहान प्रकाशकाने हजार प्रतींच्या आवृत्तीत काढलेला कवितासंग्रह यांत मोठा फरक आहे. नेमलेला संग्रह साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात एका प्रतीवरून छायांकित झाला तर त्या कवीच्या आवृत्तीचा लक्षणीय भाग तेथेच बुडतो. कायद्याने मुभा आहे हे खरे. ती कोणत्या पुस्तकासाठी वापरायची हे अध्यापकाने ठरवायचे आहे, आणि विभागाच्या ग्रंथालयात त्या संग्रहाच्या दहा प्रती घेणे सहसा अशक्य नसते.

६. विद्यार्थ्याची स्वतःची कृती

आतापर्यंतचा पाठ दुसऱ्यांच्या हक्कांचा झाला. विद्यार्थी कान टवकारतो तो स्वतःच्या कृतीची गोष्ट निघाल्यावर. महाविद्यालयाच्या वार्षिकांकापासून सुरुवात करावी. त्यात छापलेली कविता विद्यार्थ्याचीच राहते, कारण तो महाविद्यालयाचा नोकर नाही. अंकाला मिळते ती केवळ छापण्याची संमती. असे असताना संपादक-प्राध्यापक त्याला न विचारता कडवे गाळतात, शीर्षक बदलतात, 'गावठी' वाटणारा शब्द काढून प्रमाण शब्द घालतात. लालबागच्या चाळीतल्या मुलीने आपल्या बोलीत लिहिलेली ओळ दुरुस्त होऊन छापून येते आणि अंक हातात पडल्यावर ती आपली कविता ओळखत नाही. लेखकाच्या विशेष हक्काचा भंग म्हणजे काय, याचा पहिला धडा विद्यार्थ्याला अशा रीतीने त्याच्या गुरूकडूनच मिळतो. संपादनाला विरोध नाही, संमतीचा आग्रह आहे. सुचवलेला बदल विद्यार्थ्याला दाखवून त्याची सही घेण्यास पाच मिनिटे लागतात.

एकांकिकेचा व्यवहार अधिक स्पष्ट आहे. दादरचे कीर्ती, परळचे महर्षी दयानंद किंवा चौपाटीवरचे विल्सन अशा महाविद्यालयाच्या सभागृहात विद्यार्थ्यांनी केलेला आणि केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी थेट संबंधित लोकांपुढे झालेला प्रयोग संमतीशिवाय करता येतो. तीच एकांकिका तिकीट लावून किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बाहेरच्या प्रेक्षकांपुढे सादर करायची तर लेखकाची परवानगी हवी. ती केवळ मानधनासाठी मागायची नसते. परवानगीचे पत्र लिहिताना विद्यार्थी बहुधा आयुष्यात प्रथमच एका लेखकाशी लेखक म्हणून बोलतो. काही लेखक मानधन माफ करतात, काही प्रयोगाला येतात, एखादा बदलांना ठाम नकार देतो. तिन्ही अनुभव शिकवणारे आहेत. प्रयोगात केलेले बदल लेखकापासून लपवणे हा मात्र स्पर्धांच्या तालमींतून रूढ झालेला वाईट प्रघात आहे.

दिवाळी अंकाला किंवा प्रकाशकाला साहित्य देताना काय सही करतो हे वाचावे, एवढे तरी प्रत्येक पदवीधराला ठाऊक असायला हवे. हक्काचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशी असेल तरच ग्राह्य होते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क करारात अन्यथा नसल्यास वर्षभरात वापरला नाही तर तो लेखकाकडे परत येतो. का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली मुंबईत काढल्यापासून या अंकांनी मराठी लेखक घडवले. त्यांच्याशी होणारा व्यवहार मात्र अजून पुष्कळदा तोंडीच चालतो. तोंडी व्यवहारात हक्क लेखकाकडेच राहतो, हे नवोदितांना सहसा माहीत नसते.

विद्यार्थ्याला आपली कृती सर्वांना मोकळेपणाने द्यावीशी वाटली तर? मुंबईत या वृत्तीचीही परंपरा आहे. १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांच्या 'शब्द'ची पाने चक्रमुद्रित होऊन हातोहात गेली. नफा कोणालाच नको होता, पण प्रत्येक कवितेखाली नाव होते. आज क्रिएटिव्ह कॉमन्ससारखे परवाने हीच गोष्ट लेखी स्वरूपात करतात. कृती कोणीही घ्यावी, नाव द्यावे, आणि लेखकाने घातल्या असतील त्या अटी पाळाव्यात. कलम २१ नुसार लेखक आपला हक्क जाहीरपणे सोडूनही देऊ शकतो. सोडण्यापूर्वी आपल्याकडे काय आहे हे त्याला माहीत असावे, एवढीच अपेक्षा.

७. गिरणगावातील निनावी गाणी

शेवटी या शहराच्या विद्यार्थ्याचे खास काम. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून गिरणगावात जी गाणी नेली, त्यांतील काही छापली गेली आणि कर्त्याच्या नावाने टिकली. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णा भाऊंची छक्कड आज वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येते आणि कित्येकदा तिचे श्रेय ज्याचा आवाज कानी पडला त्याला दिले जाते. तरी ती अण्णा भाऊंची आहे हे दाखवणारा छापील पुरावा उपलब्ध आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात, त्याआधीच्या लढ्यांत, भजनी मंडळांत आणि नमनात कामगारांनी रचलेल्या गाण्यांपैकी पुष्कळांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, चाळी रिकाम्या झाल्या आणि गाणाऱ्यांची पिढी वसई-विरार, कल्याणकडे किंवा गावी गेली. मौखिक परंपरेच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी जेव्हा अशा घरी जातो तेव्हा तो गाणे घेऊन येतो, आणि वहीत 'लोकगीत' असे लिहितो. 'लोकगीत' हा शब्द पुष्कळदा आपण नाव विचारले नाही एवढेच सांगतो.

याउलट दोन आदर्श वर्गापुढे ठेवण्यासारखे आहेत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) या ग्रंथात गिरणगावची कहाणी तेथील माणसांच्याच निवेदनांतून, त्यांच्या नावांनिशी उभी राहते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात ओवी गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव नोंदले आहे. ओवी तिने रचली की आईकडून ऐकली, हे अनेकदा तिलाही सांगता येत नाही. तरीही ती कोणाच्या तोंडून आली हे सांगता येते. होनाजीने बाळाला जे दिले तेच हे आहे.

म्हणून प्रकल्पाच्या नोंदवहीचे पहिले पान गाण्याच्या संहितेसाठी ठेवू नये. त्यावर गाणाऱ्याचे नाव, वय, चाळ किंवा गाव, कोणत्या गिरणीत कोणत्या खात्यात काम केले, गाणे कोणाकडून आले, चाल कशाची, आणि ते कोठवर पाठवायला त्यांची हरकत नाही हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. नाव देऊ नका असे कोणी म्हटले तर तेही तसेच नोंदवावे. हे पान पूर्ण झाल्याशिवाय ध्वनिमुद्रण यंत्र सुरू करू नये, आणि प्रकल्पाचे गुण देताना हे पान संहितेइतकेच मोजावे.